चांदी न टिकणाऱ्या गावात

उल्हासनगरला कोणी हवापालटासाठी जात नाही. मी मनमाडहून निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "लग्नाची खरेदी का गं?" आमच्याकडे उल्हासनगर म्हणजे जीन्स, लाकडी कपाटं आणि मोबाईलची कव्हरं. खरेदीला नव्हे, एक पारदर्शक वस्तू बघायला चालले आहे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आरपार दिसणारी म्हणजे दिसणारच नाही की. मग बघणार काय?" गाडीत बसल्यावरही मला त्याचं उत्तर सुचलं नव्हतं. आता परत आल्यावर सुचलं आहे, पण ते काकूंना हसत सांगण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

बेलवली

मला बोलावलं होतं करुणाने. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो. ती रसायनशास्त्राची, मी मराठीची. माझ्या वडिलांचा मनमाडला छोटा छापखाना आहे. रेल्वे कामगारांची, पाण्याच्या मोर्च्यांची, चौदा एप्रिलची पत्रकं तिथे छापली जातात, आणि मी वाचायला शिकले ती उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. त्यामुळे माझ्या लिखाणाला दर चार ओळींनी एक शत्रू लागतो, असं करुणा म्हणते. फोनवर तिने आधीच सांगून टाकलं होतं, "ये, तुला चांगलं काहीतरी लिहायला देते. यात शत्रू नाही."

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. आजूबाजूच्या इमारती इतक्या नव्या की काहींचे बांबू अजून उतरलेले नाहीत, आणि त्यांच्या मधल्या फटीतून डोंगर दिसतो. हॉलमध्ये बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी करुणाच्या पदवीदानाचा फोटो. मावशींनी, म्हणजे करुणाच्या आईने, आल्याआल्या सुकट आणि तांदळाची भाकरी वाढली. आमच्याकडे भाकरी बाजरीची, आणि नळाला पाणी कधी येणार हे सण कधी आहे ते सांगावं तसं सांगतात. इथे संध्याकाळी नळ सुटला तेव्हा मी तांब्या हातात घेऊन नुसती बघत उभी राहिले. मावशी म्हणाल्या, "बंद कर गं बाई, ते उद्यापण येणार आहे."

करुणाचे पप्पा कामावरून आले. ते उल्हासनगरला जीन्सच्या एका रंगखात्यात आहेत, करुणाच्या जन्माच्या आधीपासून. हात धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन ते जेवायला बसले तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या. त्यांनी माझं गाव विचारलं, वडिलांचा छापखाना अजून चालतो का ते विचारलं, आणि मग जेवणाकडे वळले.

जेवणानंतर करुणाने पुठ्ठ्याच्या नळीतून प्लॅस्टिकचा एक तुकडा काढला. शाळेच्या पुस्तकाला घालतो त्या कव्हरासारखा, तितकाच स्वच्छ. त्याच्या दोन टोकांना तिने चिमटे लावले आणि चिमट्यांना बॅटरी आणि एक बारीक दिवा जोडला. दिवा लागला. मग तिने तो तुकडा बोटाभोवती गुंडाळला, उलटा वळवला, पुन्हा सरळ केला. दिवा लागलेलाच.

"आता यातून वीज कुठून गेली ते दाखव," ती म्हणाली.

मी तुकडा उजेडात धरून फिरवून पाहिला. मग तिने समजावलं. मोबाईलच्या काचेला आपलं बोट कळावं म्हणून तिच्यावर वीज वाहून नेणारा एक पारदर्शक थर असतो. तो बहुतेक वेळा इंडियम नावाच्या दुर्मीळ धातूपासून केलेला असतो, आणि वाकवला की पापडासारखा तडकतो. करुणाने त्याऐवजी चांदी घेतली होती. केसापेक्षा शेकडो पट बारीक अशा चांदीच्या तारा, शाईत मिसळलेल्या. ती शाई प्लॅस्टिकवर पसरून वाळवली की तारांची जाळी बसते, सुतरफेणीच्या धाग्यांसारखी एकमेकींवर पडलेली. तारांमधून वीज जाते, मधल्या जागेतून उजेड, आणि जाळी असल्यामुळे ती वाकते. हे करणारे जगात पुष्कळ आहेत. करुणाला ते उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका गाळ्यात करायचं होतं.

पुण्याची एक कंपनी दुकानांच्या काचांना आतून चिकटवायची फिल्म विकते. गिऱ्हाइकाने बाहेरून काचेवर बोट फिरवलं की आतला पडदा चालतो. ही फिल्म सध्या चीनहून येते. त्या कंपनीच्या मॅडम येत्या सोमवारी करुणाचा माल बघायला येणार होत्या. पसंत पडला तर काम तिला मिळणार होतं. याच मॅडमनी पूर्वी तिला पुण्यात नोकरी देऊ केली होती आणि तिने ती नाकारली होती. हॉस्टेलमध्ये कुणाच्या बॅगेची चेन तुटली की "उल्हासनगरचा माल का?" असा विनोद व्हायचा, तेव्हा करुणा तिथेच बसलेली असायची. गाळ्याच्या गल्लीतल्या मुली दिवसभर जीन्सचे लोंबते धागे कापतात. त्यांतल्या दोघीचौघींना तिला आपल्या मशीनवर घ्यायचं होतं.

अडचण एकच होती. माल मरत होता. केला त्या संध्याकाळी उत्तम, आणि एकदोन दिवसांत जागोजागी वीज बंद. डोळ्यांना काहीच दिसायचं नाही. तिने शाई बदलली होती, पाणी बदललं होतं, वाळवायची उष्णता कमी-जास्त केली होती, वरून संरक्षणाचा लेपही दिला होता. "आता माझ्याच हाताला यश नसेल," असं म्हणून तिने तुकडा परत नळीत सरकवला.

उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत उतरवलं होतं. त्या छावण्यांचे नंबर अजून पत्त्यांत आहेत. आता तिथे कपाटांच्या दुकानावर जीन्सचं दुकान आणि त्याच्यावर माणसं राहतात. सकाळी आम्ही एका गाडीवर दाल-पकवान खाल्लं: कडक, पातळ पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. पुरी मोडायला गेले आणि डाळ कुर्त्यावर आली. गाडीवाला म्हणाला, "ताई, पयला टाइम का? तोडायची नाय, उचलून चावायची."

गाळा हिरूभाईंचा. पुढच्या भागात त्यांचं मोबाईलच्या काचा आणि टच विकायचं दुकान, मागच्या भागात करुणाचं मशीन. करुणाच्या वडिलांशी त्यांची जुनी ओळख, म्हणून जागा त्यांनी अशीच दिली आहे. मला बघून म्हणाले, "आओ साईं, लिखनेवाली आई. लिहा, उल्हासनगरमधे सगळा माल असली मिळतो. असली डुप्लिकेट." स्वतःच हसले. मग काउंटरमधला एक टच उचलून माझ्यापुढे धरला. "ही पण चायना, ती पण चायना. सारी उमर दुसऱ्याचा माल विकला, बेटा. एक रोल तरी आपला पायजे ना."

मागच्या भागात पाऊल टाकलं आणि मी ओढणी नाकाला लावली. सडक्या अंड्यांचा वास होता. करुणाला सांगितलं तर तिने अगदी प्रामाणिकपणे इकडेतिकडे हुंगून पाहिलं आणि विचारलं, "कसला वास?" पुढून हिरूभाई ओरडून म्हणाले, "नई है वो. दोन दिवसात जाएगा." मागच्या खिडकीखालून नाला वाहतो आणि पुढे वालधुनी नदीला मिळतो. पाणी निळसर काळं होतं, कडेला पिवळट फेस. मनात पत्रकाची पहिली ओळ तयार झालीसुद्धा. करुणाने माझा चेहरा ओळखला. "ते नंतर," ती म्हणाली. "आधी माझं काम बघ."

काम बघण्यासारखं होतं. जाड प्लॅस्टिकचा तंबू, आत टेबल, टेबलावर फिल्म ताणून धरणारी चौकट आणि बारीक तार गुंडाळलेली एक सळई. टोपी आणि हातमोजे घालून करुणा आत शिरली, फिल्मच्या वरच्या टोकाला शाईची एक रेघ ओतली आणि सळई एका दमात खालपर्यंत ओढत आणली. हात थांबला तर पट्टा उमटतो, घाई झाली तर जाळी विरळ होते. शाई आधी दुधाळ दिसली. गरम हवेखाली वाळता वाळता ती नाहीशी होत गेली, आणि पूर्ण नाहीशी झाली तेव्हा करुणा म्हणाली, "झालं."

तंबूत हवा सोडायला एक मोठा पंखा होता आणि त्याला धुळीचा फिल्टर होता. पुढच्या गल्लीत घरोघर शिलाईमशीनं चालतात, तिथल्या हवेत जीन्सचे निळे तंतू तरंगत असतात. एक तंतू जरी ओल्या शाईवर बसला तरी तो तुकडा वाया. म्हणून करुणाने पंखा मागच्या खिडकीतून हवा ओढेल असा बसवला होता. तिकडे धूळ नव्हती. हिवाळ्याचे दिवस, वारा पडलेला, नाल्यावरची हवा जड आणि स्वच्छ दिसत होती. मलाही ती योजना शहाणपणाची वाटली.

संध्याकाळी मीटरवर सगळं नीट आलं. हिरूभाईंनी तो तुकडा दुकानाच्या काचेला आतून लावला, बाहेर जाऊन बोट फिरवलं, आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. मग शेजारच्या दुकानदाराला बोलावून त्यालाही बोट फिरवायला लावलं. तो म्हणाला, "चायना का है?" हिरूभाईंनी मागच्या भागाकडे अंगठा केला. "मेरे पीछे का है."

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तुकड्यावर कोपऱ्यांकडून वीज बंद व्हायला लागली. आता एकच संशय उरला होता: प्लॅस्टिक. म्हणून आम्ही स्कूटरवरून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथे पॉलिएस्टर फिल्मचे अजस्र रोल कापून लहान रोल करतात. तिथल्या सुपरवायझरने करुणाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, प्लॅस्टिकला काय धाड भरलीय? ते सडत नाही हीच तर जगाची बोंब आहे." तरीही त्याने वेगळ्या खेपेतला एक रोल काढून दिला.

परतताना शिवमंदिर लागलं. आम्ही दोघीही देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्यांतल्या नाही, पण दगडावरचं काम बाहेरून बघायला हरकत नव्हती. काळ्या दगडाची एक वीतही कोरल्यावाचून सोडलेली नाही. कोणी केलं, त्यांची नावं कुठेच नाहीत, असं मी म्हटलं. करुणा म्हणाली, "केलं आणि टिकलं. नावाचं काय घेऊन बसलीस?" देवळाला खेटून वालधुनीच वाहते. फुलं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या सासूबाई या पाण्यात धुणं धुवायच्या. आता त्या स्वतः हात धुवायलाही खाली उतरत नाहीत. इथून ती नदी उल्हासनगरला जाते.

देवळापासून थोडं पुढे आलो आणि स्कूटरला बांधलेल्या रोलची दोरी सुटली. नवा रोल रस्त्यावर घरंगळत, उलगडत गेला. आम्ही दोघी रस्त्यात वाकून तो गोळा करायला लागलो. लांबून पाहणाऱ्याला आमच्या हातांत काहीच दिसत नसणार. एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "काय हरवलं ताई?" करुणा म्हणाली, "प्लॅस्टिक." त्याने रस्त्याच्या कडेला साचलेल्या पिशव्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "एवढं पडलंय, कुठलंपण घ्या की." तेवढंच आम्ही त्या आठवड्यात पोट धरून हसलो.

नव्या रोलवर करुणाने लगेच माल केला. तोही दुसऱ्या दिवशी मेला.

बेलवली, जेवणाच्या ताटावर

त्या दिवसापर्यंत मला गाळ्यातला वास येणं बंद झालं होतं. हिरूभाई म्हणाले होते तसंच. ओढणी कधी नाकावरून खाली आली ते मला कळलंही नाही, आणि याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

मनगटात मी आईने दिलेलं चांदीचं कडं घालते. संध्याकाळी भाकरी वाढताना मावशींनी माझा हात धरला. कडं काळंनिळं पडलं होतं, लोखंडी असावं तसं.

"अगं, हे घालून कॅम्पात हिंडतेस होय?" त्या म्हणाल्या. "काढून ठेव. तिथं चांदी टिकत नाही."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन त्या कॅम्पातल्या नाल्याकाठच्या चाळीत आल्या तेव्हा माहेरची पैंजणं होती. पहिल्याच हिवाळ्यात ती काळी ठिक्कर पडली. चिंच लावून घासली, राखेने घासली, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, आपल्या आळीत कोणी चांदी घालत नाही, पिशवीत बांधून ट्रंकेत ठेव. आळीतल्या लग्नांतही पाहुण्यांना आधीच सांगायचे, चांदी देऊ नका, स्टील द्या. सगळ्यांच्या घरी स्टीलचीच जोडवी. "हिला तर पाळण्यातसुद्धा वाळे घातले नाहीत," त्या करुणाकडे बघून म्हणाल्या. "हिनं चांदी बघितली ती डायरेक कॉलेजात."

करुणाचा घास हातातच राहिला. तिने माझं कडं काढून घेतलं, दिव्याखाली धरलं, नखाने खरवडलं. मग पप्पांकडे वळून विचारलं, "पप्पा, खात्यात काळा रंग अजून सल्फाईडनेच करता ना?"

"हो. का गं?" ते म्हणाले, आणि मग त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

ती हळू आवाजात बोलली. रंगखात्याचं सल्फाईडचं पाणी आणि दुसऱ्या कुठल्या कारखान्याचं तेजाबाचं पाणी नाल्यात एकत्र आलं की जो वायू सुटतो, तो चांदीला खातो. पैंजण वरून काळं पडतं. केसापेक्षा शेकडो पट बारीक तार असेल तर ती आतपर्यंत संपते. वरचा लेप द्यायच्या आधी, वाळताना, ती उघडीच असते, आणि धुळीचा फिल्टर वायू अडवत नाही. "मी पंखा लावून ती हवा दिवसभर त्यावर सोडत होते," ती म्हणाली. "त्याच आळीत वाढले मी. कोणी चांदी घालत नाही एवढं ठाऊक होतं. का घालत नाही ते कधी विचारलं नाही."

मी बोलायला लागले. मालक कोण, पाणी कुणाच्या मेहेरबानीने सोडतात, तपासायला येणारे काय तपासतात, लोकांच्या छातीत काय जात असेल. सगळं खरं होतं, आणि आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण करुणाने माझ्या मनगटावर हात ठेवला. "वैशू, मी शिकले ती त्याच काळ्या रंगावर. पप्पांना आधी जेवू दे."

चामटोली

करुणाला अंदाजावर थांबायचं नव्हतं. पंखा बंद ठेवून केलेल्या, लेप न दिलेल्या एकाच ताज्या तुकड्याच्या तिने पट्ट्या कापल्या. एक नाल्याच्या खिडकीत टांगली, एक हिरूभाईंच्या दुकानात, एक बेलवलीच्या गॅलरीत, आणि एक बदलापूरजवळच्या चामटोलीत. तिथले भोईरकाका पप्पांसोबत रंगखात्यात होते. आता ते गावी शेती बघतात. दुसऱ्या दिवशी नाल्याची पट्टी मेलेली होती, दुकानातली निम्मी. बेलवलीची जरा थकलेली. चामटोलीची जशीच्या तशी.

मग रविवारी सगळं सामान टेम्पोत घालून आम्ही चामटोलीला गेलो. भोईरकाकांच्या भाताच्या कोठीत, धुऊन पुसून, प्लॅस्टिकचा तंबू उभा केला. पप्पांना सुट्टी होती. चौकट त्यांनीच उचलून आत नेली. भोईरकाकूंनी अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. शेंगांत पाण्याचा थेंब घालत नाहीत, त्या स्वतःच्याच वाफेवर शिजतात. आमच्याकडे हुरड्याला जशी माणसं जमतात तशीच इथे पोपटीला. काकू सारख्या कोठीच्या दारातून डोकावत होत्या. "काय करते गं ती? मगाधरनं बघते, काय दिसत नाय ना."

करुणा आत सळई ओढत होती. पप्पा माझ्या शेजारी बाजेवर बसले. त्यांनी विचारलं, "तुम्ही वाचता, लिहिता. मला एक सांगा. मी उद्यापासून खात्यात गेलो नाही, तर हिचं काम कॅम्पातच होईल का?"

छापखान्यात वाढलेल्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला एक मागणी तयार असते. मी त्यांच्या नखांकडे बघितलं. एक माणूस गेला तर त्याच्या जागी दुसरा सकाळी उभा असतो, नाल्याला फरक पडत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. तरी त्यांनी विचारलं होतं. "नाही काका," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

संध्याकाळी वरचा लेपही तिथेच देऊन झाला आणि मीटरवर माल उत्तम आला. मी उत्साहात म्हटलं, मग मशीन इथेच ठेवू. भोईरकाकांनी अंगणापलीकडे रोवलेले चुना लावलेले खुंट दाखवले. "पुढच्या साली इथं बिल्डिंग. कोठीपण जाणार, मीपण जाणार." ते तसे खूश दिसत होते.

पुन्हा कॅम्प तीन

सोमवारी मॅडम आल्या. चाळिशीच्या, हसऱ्या, कामाला पक्क्या. त्यांनी चामटोलीचा तुकडा काचेला लावला, बोट फिरवलं, सोलून काढला, पेन्सिलीभोवती पुन्हापुन्हा गुंडाळला, परत लावला. मीटर काढून स्वतः मोजलं. "चीनचा यापेक्षा धुरकट येतो," त्या म्हणाल्या. हिरूभाईंनी गल्लीतल्या पोरींना आधीच बोलावून ठेवलं होतं. त्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या. पप्पा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते आणि सगळ्यांच्या मागे उभे होते.

मॅडमनी विचारलं, "माल याच गाळ्यात तयार होणार ना?"

हिरूभाईंनी त्यांच्या पाठीमागून करुणाला डोळ्यांनी खूण केली: हो म्हण. नुसतं हो म्हटलं असतं तर त्या दिवशी काम मिळालं असतं. मध्ये बोलायचा हक्क माझा नव्हता.

"हा तुकडा चामटोलीला केलाय," करुणा म्हणाली. "इथे केलेला टिकत नाही. इथली हवा चांदीला चालत नाही."

मॅडमनी मागच्या खिडकीकडे पाहिलं आणि नाकाशी रुमाल नेला. त्या चांगल्या बाई होत्या, हे मला लिहायलाच हवं. त्यांनी समजावून सांगितलं की पुण्यात त्यांच्याकडे बंद खोली आहे, कोळशाचे फिल्टर आहेत, ते ठरावीक दिवसांनी बदलतात. या गाळ्यातून माल घ्यायची जोखीम त्या घेऊ शकत नव्हत्या. "करुणा, तू ये," त्या म्हणाल्या. "मशीन घेऊन ये. जागा ठेवलेली आहे."

करुणाने दाराशी उभ्या असलेल्या मुलींकडे बघितलं. त्यांतली एक तिच्याच जुन्या चाळीतली होती. मग तिने पप्पांकडे बघितलं. ती म्हणाली, "येते."

हिरूभाई पुढे जाऊन काउंटरच्या काचा पुसत बसले. दुपारी त्यांनीच टेम्पो बोलावला आणि चौकटीला आपल्या दुकानातला फोम गुंडाळून दिला. "वहाँ बोलना," ते म्हणाले, "किसके पीछे का है." करुणाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. असल्या पाया पडण्याच्या ती विरुद्ध आहे, मीही आहे.

पप्पांनी मशीन टेम्पोत चढवलं, दोर आवळले, गाठी तपासल्या, पुन्हा आवळले. चालकाला दोनदा सांगितलं की खड्डे बघून चालव. मग करुणाच्या डोक्यावरून हात फिरवला. हात काळा आहे हे लक्षात येऊन तो अर्ध्यातच मागे घेतला, तेव्हा करुणाने तो धरून परत आपल्या डोक्यावर ठेवला.

टेम्पो निघण्याआधी मी तिला विचारलं की मी काय लिहू. नाल्याचं मी लिहिणारच होते. ते पत्रक आमच्या छापखान्यात छापून झालं आहे आणि कॅम्पात वाटलंही गेलं आहे, पप्पांनी स्वतः दोन गठ्ठे नेले. पण या प्रवासाबद्दल काय लिहू, असं मला विचारायचं होतं.

ती चालकाच्या शेजारी बसली होती. दार ओढून घेत म्हणाली, "माल चांगला होता, एवढं लिही."